माडीच्या जिन्यात दुनळी वळत नाही, आखूड नळीची बंदूक घ्यावी का?

मळेकरी (प्रश्न)
घर मळ्यात, करवीर तालुका. वडिलांच्या नावावर १२ बोअरची जुनी दुनळी आहे. नळी ३० इंच, परवाना चालू, कारण स्वसंरक्षण. माडीच्या जिन्याच्या वळणावर ती आडवी धरली की भिंतीला लागते. तीन शंका आहेत. १८ इंची नळीची बंदूक परवान्यावर मिळते का? हीच दुनळी उद्यमनगरात लेथवर कापून घेतली तर? आणि नळी आखूड असली की छर्रा इतका पसरतो की नेम धरावाच लागत नाही, हे खरं का?

कलम_तेरा
आधी लेथचं डोक्यातून काढा. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ६ : त्यासाठीचा खास परवाना असल्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. किती इंच उरली हा मुद्दाच नाही, ३० ची २६ केली तरी गुन्हा तोच. शिक्षा कलम २५(१) मध्ये आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. कापून देणारा लेथवालाही त्यात अडकतो.

१८ इंच हा अमेरिकेतला आकडा. आपल्याकडे कलम १३ मध्ये स्वसंरक्षणासाठी जी गुळगुळीत नळीची बंदूक सांगितली आहे, तिची नळी किमान २० इंच हवी. त्याखालची बंदूक नियमांत वेगळ्या, वरच्या गटात जाते. कलेक्टर कचेरीतून तिचा परवाना निघत नाही. त्यामुळे व्हिडिओत दिसणारी साडेअठरा इंची पंप ॲक्शन (नळीखालची मूठ मागेपुढे ओढून काडतूस भरायची बंदूक) कितीही आवडली तरी इथे कामाची नाही. दुकानात नळी स्वतः मोजून घ्या. पंप ॲक्शन असेल तर बंदूक रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट, म्हणजे काडतुसामागे सरकणारा लोखंडी ठोकळा, बंद करायचा, तोंडातून लाकडी काठी सोडायची, टेकली की तोंडाशी खूण करायची. दुनळी बिजागरीवर उघडून नळ्या सरळ टेपने मोजता येतात.

आणि परवाना वडिलांच्या नावाचा आहे हे विसरू नका. ते गावाला गेले असताना तुम्ही ती बंदूक उचललीत तर तुम्ही विनापरवाना. वडील ७० च्या पुढे असतील किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षं असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावावर करायचा अर्ज करता येतो. शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला आणि पोलिसांचा अहवाल तुमच्या नावाने नव्याने लागेल.

बारा_बोअर
पसरण्याची समजूत चुकीची आहे. छर्रा किती पसरेल हे प्रामुख्याने चोकवर ठरतं, म्हणजे तोंडाकडच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत नळी किती आवळलेली आहे त्यावर. ढोबळ हिशेब यार्डाला एक इंच. खोलीतलं अंतर चार-पाच यार्ड, म्हणजे पसारा तळहाताएवढा. नेम धरावाच लागतो, आणि चुकला तर सगळाच बार चुकतो. आखूड नळीने पदरात पडतं ते एवढंच : वेग थोडा कमी, आवाज आणि तोंडाशी ज्वाळा जास्त. बंद खोलीत पहिल्याच बाराला कान आणि डोळे दोन्ही जातात.

तुम्हाला खरं हवंय ते एकूण लांबी कमी, आणि ते नळीवर एकट्या ठरत नाही. दुनळीची ॲक्शन, म्हणजे नळी आणि दस्ता यांमधला यंत्राचा भाग, आखूड असते, पंपाची सहा-सात इंच खाते. म्हणून ३० इंची दुनळी साधारण ४७ इंच भरते, २६ इंची ४३, आणि २० इंची पंप ४० च्या आसपास. २६ ची दुनळी आणि २० ची पंप यांत तीनच इंचांचा फरक! त्यासाठी पंपाचा सराव अंगी बाणवायचा की नाही ते ठरवा. घाईत हात पूर्ण मागे येत नाही, रिकामं काडतूस अडकतं आणि बंदूक बंद पडते. दुनळीत दोन बार, दोन घोडे, अडकायला फारसं काही नाही. कधीतरीच हातात घेणाऱ्याने २६ किंवा २८ ची दुनळी घ्यावी असं माझं मत.

मळेकरी
जुनीच ठेवली तर काय तपासून घेऊ? काडतुसं घरात आहेत, बरीच जुनी.

बारा_बोअर
पहिल्यांदा चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं ती जागा. जुन्या दुनळ्या बऱ्याचदा ६५ मिमीच्या असतात, तो आकडा नळीच्या बुडाशी खालच्या बाजूला कोरलेला असतो. काडतुसावरची लांबी उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची असते. त्यामुळे ७० मिमीचं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं, पण उडताना तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडतं आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चालतं, असं नाही.

मग पुढचं लाकूड काढा, बंदूक बंद करून नळ्या हलवा. खडखडल्या तर सांधा झिजलाय, परवानाधारक गनस्मिथलाच दाखवा. नळ्यांवर नागमोडी वेलबुट्टी दिसली तर ती दमास्कस नळी, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली. आजच्या काडतुसांना ती लावू नका, भिंतीवर शोभेल.

जुनी काडतुसं वापरू नका. आपल्याकडच्या पावसात कागदी नळकांडं फुगतं, पितळेवर हिरवं चढतं. विक्रेत्याकडे परत द्या आणि नव्यांची परवान्यावर नोंद करून घ्या. घरासाठी एसजी, एलजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसं, मागू नका. पत्रा, प्लायचं दार सहज फोडून पलीकडे जातं, आणि पलीकडे आपलीच माणसं झोपलेली असतात.

गगनबावडा_वस्ती
भावा, भरून ठेवायचा नाद करू नको. दुनळीचं सेफ्टी बहुतेक वेळा फक्त ट्रिगर अडवतं, आतला घोडा नाही. बंदूक पडली तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या.

गव्यासाठी म्हणून कोणी सुचवलं तर तेही ऐकू नको. पीक संरक्षणाचा परवाना सहसा ठासणीच्या बंदुकीचा, वेगळा. आणि गवा वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण असलेला प्राणी आहे.

कलम_तेरा
रात्रीच्या घरफोडीत मालमत्तेच्या बचावाचा हक्क जिवापर्यंत जातो, भारतीय न्याय संहिता कलम ४१. पण कलम ३७ सोबत वाचा : गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांना बोलवायला वेळ होता तर हक्कच नाही. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेला बार यात बसत नाही. माडीचं दार आतून लावून ११२ लावणं जिन्यात उतरण्यापेक्षा बरं, मग वळणाचा प्रश्नही उरत नाही.

बारा_बोअर
एक राहिलं. जून ते सप्टेंबर चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ओल धरतं. तेलाचा हात पातळ फिरवा आणि पहिली रात्र तोंड खाली करून उभी करा, नाहीतर तेल दस्त्याच्या लाकडात उतरतं आणि लाकूड मऊ पडतं.