प्रतिसाद : स्लो कुकरमधील हॉट चॉकलेट

स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, हॉट चॉकलेट करताना कोको तळाशी बसतो आणि गुळाने दूध फाटते, या दोन्ही अडचणींवर उपाय आहेत. कोकणच्या दमट हवेत कोको पावडरीच्या गुठळ्या फार लवकर होतात. म्हणून ती आधी चाळावी आणि १ लिटर दुधाला सुमारे ४० ग्रॅम या बेताने, थोड्या कोमट दुधात चमच्याच्या पाठीने घोटून, तकतकीत झाल्यावरच उरलेल्या दुधात मिसळावी. मंद आचेवर साधारण २ तास ठेवून अधूनमधून रवीने घुसळले की साय मोडते आणि तळाशी बसलेला कोकोही वर येतो. यासाठी चमच्यापेक्षा रवीच उत्तम. गूळ मात्र किसून, कुकर बंद करून दूध जरा निवल्यावरच घालावा. नारळाचा जाड रसही शेवटीच घालावा, कारण फार तापल्यास तो फुटतो. दालचिनीऐवजी आपल्या वाडीतले जायफळ ताजे किसून घातल्यास स्वाद अधिक खुलतो, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यात मध्येच वीज गेल्यास झाकण उघडू नये, आणि ती लवकर न आल्यास दूध कोमट होण्याची वाट न पाहता सरळ गॅसवर घ्यावे.