सुरुवात फुटबॉलपासून

आफ्रिकेतल्या तरुणांची कामं परदेशी पैसा आला की मगच उभी राहतात, असं काही जण म्हणतात; मला ते अजिबात पटत नाही. नैरोबीच्या किबेरा वस्तीत वाढलेल्या केनेडी ओडेडे यांनी २००४ मध्ये 'शोफको' ('शायनिंग होप फॉर कम्युनिटीज') ही वस्तीसाठी काम करणारी संस्था सुरू केली ती २० सेंटच्या एका फुटबॉलवर, वस्तीतली पोरं जमवून. बाहेरची मदत नंतर आली, आणि आली ते बरंच झालं.

त्यांचं पाण्याचं काम तर मुद्दाम बघा. किबेरात जमिनीवरचे पाइप उघड्या गटारांतून जातात. फुटले की घाण आत शिरते आणि घरोघरी जुलाब सुरू. शिवाय पाणी चोरून विकणाऱ्या टोळ्या. म्हणून यांनी पाइप उंच खांबांवरून, पत्र्याच्या छपरांच्याही वरून नेले. पाइपला कोणी हात लावला तर अख्ख्या गल्लीला दिसतं.