कारी आणि इरुंगाट्टुकोट्टईचे ट्रॅक असे का आखलेत? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा

शिरोली_कास्टिंग
नमस्कार मंडळी. आमचा थोरला सोळा वर्षांचा आहे, चार वर्षं झाली कोल्हापुरातच कार्ट, म्हणजे ती छोटी उघडी रेसगाडी, चालवतोय. मोहिते ट्रॅकवर नॅशनल कार्टिंगचा राउंड बघायला घेऊन गेलो होतो तिथनं त्याला हा नाद लागला तो लागलाच. आता फॉर्म्युला गाडीत, म्हणजे एकट्यानं बसायच्या उघड्या चाकांच्या मोठ्या रेसगाडीत, बसायचं चाललंय, म्हणजे आधी कोइमतूरचा कारी ट्रॅक आणि मग चेन्नईजवळचं इरुंगाट्टुकोट्टई. मी फाउंड्रीतला माणूस, इंजिनचा ब्लॉक समोर ठेवला तर कुठं काय बिघडलंय सांगीन, पण ट्रॅक मला कळत नाही. पोरगा रोज जेवण झालं की मोबाइलवर ऑनबोर्ड, म्हणजे गाडीतनं काढलेले, व्हिडिओ लावतो, जुन्या गणिताच्या वहीत पेन्सिलीनं वळणं काढतो, सी१ सी२ असे नंबर टाकतो आणि मला विचारतो बाबा हे वळण इथंच का, ही स्ट्रेट, म्हणजे सरळ पट्टा, एवढीच का. मी काय सांगणार. एका ठिकाणी सिम्युलेटर शिकवतो म्हणून पैसे भरले, तर तिथं कारीचा ट्रॅकच नव्हता, महिनाभर दुसऱ्याच देशाच्या ट्रॅकवर फिरवलं पोराला. म्हणून इथं विचारतोय. हे ट्रॅक कुणी बांधले, जागा तीच का निवडली, आणि कार्टिंगवाल्या पोराला तिथं नेमकं काय वेगळं लागेल? जे माहीत आहे ते लिहा, वेळ लागला तरी चालेल.

शाहूपुरी_मेस्त्री
दादा, पोरगा वहीत वळणं काढतोय हे वाचून लई बरं वाटलं. आम्ही पण तसंच शिकलो. मी ८० च्या दशकात एका टीमबरोबर मेकॅनिक म्हणून शोलावरमला जायचो, त्यामुळं तिथनंच सुरुवात करतो, कारण शोलावरम कळल्याशिवाय इरुंगाट्टुकोट्टई कळायचं नाही.

शोलावरम म्हणजे मद्रासच्या उत्तरेला दुसऱ्या महायुद्धातली विमानाची धावपट्टी. तेव्हा आपल्या देशात रेसिंगसाठी म्हणून बांधलेला ट्रॅक होताच कुठं, रिकाम्या पडलेल्या धावपट्ट्याच वापरायचे, मुंबईत जुहूला पण तशा रेसा झाल्यात. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब निघाला, त्यात इंदू चंढोक होते, म्हणजे आपला फॉर्म्युला वनवाला करुण चंढोक त्याचे आजोबा. त्या क्लबनं शोलावरमच्या रेसा वर्षानुवर्षं चालवल्या. रेस असायची फेब्रुवारीत, आणि दुपारच्या उन्हात पाना हातात धरवायचा नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून नट आवळायचो.

आता आखणीचं. ती धावपट्टी होती टी आकाराची. विमानाला वळण लागत नाही, त्याला लागते सरळ आणि सपाट जागा. त्यामुळं गाडी लांबच्या लांब फुल थ्रॉटल जाणार आणि मग एकदम काटकोनात किंवा उलट फिरायचं. ज्याचं इंजिन तगडं आणि ज्याचे ब्रेक शेवटपर्यंत टिकले तो पुढं. मधल्या वेगाचं, लांबलचक, गाडीला एका कुशीवर धरून ठेवायचं वळण तिथं मिळायचंच नाही. चढ नाही, उतार नाही. आमच्या गाडीचे ब्रेक रेस संपायच्या आत विझलेले असायचे, ड्रायव्हर पिटमध्ये, म्हणजे गाडी दुरुस्तीच्या जागेत, आला की आधी चाकाजवळ हात नेऊन बघायचो, वास यायचाच.

मग क्लबनं स्वतःची जागा घेऊन श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला ट्रॅक बांधला, १९९० ला तो सुरू झाला. ३.७१७ किलोमीटर, १२ वळणं. सरकारनं नाही, कुठल्या मोठ्या बिल्डरनं नाही, रेस चालवणाऱ्या क्लबनंच बांधला हे लक्षात ठेवा. शोलावरमला ज्याची उणीव होती ते तिथं आलं, वेगात घ्यायची वळणं, एकाला जोडून दुसरं, एकाची लाइन, म्हणजे गाडी न्यायची वाट, चुकली की पुढची दोन चुकतात. धावपट्टीवर वाढलेल्या भल्याभल्यांना ते पहिल्या वर्षी जड गेलं, माझ्या डोळ्यांदेखत.

आणि एक गोष्ट, तुम्ही शिरोलीतले म्हणून सांगतो. तुमच्या दारावरनं जो हायवे जातो, जुना एनएच ४, आत्ताचा ४८, तोच बेळगाव बेंगळुरू कृष्णगिरी वेल्लोर करत चेन्नईला जातो आणि इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक त्याच रस्त्याच्या कडेला आहे. शिरोली पुलावरनं निघायचं आणि रस्ता न सोडता ट्रॅकवर पोचायचं. आम्ही ट्रेलर घेऊन असेच जायचो.

पंचगंगाकाठची
मेस्त्रीकाका खूप छान लिहिलंय. मी कारीबद्दल सांगते, इंजिनिअरिंगची चार वर्षं कोइमतूरला होते आणि दर सिझनला मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारी, म्हणून उभी राहायचे.

कारी म्हणजे एस. करिवर्धन. कोइमतूरच्या मिलवाल्या घराण्यातले, पण सगळा जीव गाड्यांत. मारुती ८०० चं इंजिन घालून त्यांनी फॉर्म्युला मारुती नावाची सिंगल सीटर, एकट्यानं बसायची रेसगाडी, बनवली, म्हणजे परदेशातनं लाखोंची गाडी न आणता इथल्या पोरांना इथंच शिकता यावं. नारायण कार्तिकेयन, जो २००५ ला भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर झाला, त्याची सुरुवात याच गाडीत झाली. मला विचाराल तर भारतातल्या रेसिंगला या एका माणसानं जेवढं दिलं तेवढं कुणीच नाही. १९९५ ला विमान अपघातात ते गेले. चेट्टीपाळयमची ही जागा मुळात हलक्या विमानांच्या धावपट्टीची, म्हणजे काकांनी सांगितलेली गोष्ट इथं पण आहेच. नंतर बी. विजयकुमार यांनी तिथं ट्रॅक उभा केला आणि २००३ ला तो करिवर्धन यांच्या नावानं सुरू झाला.

लांबी २.१ किलोमीटर. शिरोलीकर दादा, तुमच्या पोराच्या "असं का" चं उत्तर इथंच आहे. जागा धावपट्टीची म्हणजे लांबोडी आणि अरुंद, मग लांबी भरायची तर वळणं एकमेकांच्या कुशीत घालावी लागतात, ट्रॅक स्वतःच्या शेजारूनच परत येतो. मी ज्या पोस्टवर असायचे तिथनं पाठीमागं वळलं की दुसऱ्या भागातल्या गाड्या दिसायच्या, त्यामुळे झेंडा दाखवताना कुठल्या बाजूला हात करतोय याचं भान ठेवावं लागायचं.

कार्टवाल्या पोरांना कारी लवकर जमतो, कारण श्वास घ्यायला जागा नाही, हात सतत कामात. पण एक गोष्ट मी दर वर्षी बघितली. कार्टला पुढं ब्रेक नसतो, मागच्या अॅक्सलवर असतो, त्यामुळे पोरं वळणात शिरता शिरता थोडा ब्रेक मारून मागचा भाग फिरवतात. फॉर्म्युला गाडीत चारही चाकांना ब्रेक, तीच सवय घेऊन आला की पुढचं आतलं चाक लॉक होतं, टायरमधनं पांढरा धूर निघतो आणि गाडी सरळ मातीत. एका मुलाचं सकाळपासून तीनदा त्याच वळणावर असं झालं. लंचला तो हेल्मेट काढून आमच्या पोस्टवर चालत आला आणि विचारलं, ताई बाकीचे कुठं ब्रेक सोडतात? मी त्याला टायरच्या काळ्या रेघा दाखवल्या, कुठं सुरू होतात, कुठं संपतात. दुपारी तो एकदाही बाहेर गेला नाही.

राजारामपुरी_एपेक्स
ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, पोराला कधीतरी तिथं पण जायचंच असेल. ३० ऑक्टोबर २०११, फॉर्म्युला वनची पहिली इंडियन ग्रां प्री, आम्ही चौघं मित्र पुण्याहून रेल्वेनं दिल्ली आणि तिथनं ग्रेटर नोएडा. पहिला आवाज कानावर आला तेव्हा छातीत हादरा बसला, आजही आठवला की काटा येतो. नारायण कार्तिकेयन एचआरटी टीमच्या गाडीत १७ वा आला, गाडी सगळ्यात मागच्या फळीतली, पण तो समोरून गेला की आख्खा स्टँड उभा राहायचा.

हा ट्रॅक धावपट्टीवरचा नाही, हर्मन टिल्के या जर्मन माणसानं कागदावर आखून मग जमीन तशी घडवली. ५ किलोमीटरच्या थोडा वर, १६ वळणं. सुरुवातीच्या वळणांनंतर गाडी चढाला लागते आणि तिसऱ्या वळणाला वर पोचते, जवळपास १४ मीटरचा चढ. आपल्याकडं वाघबीळवरनं जोतिबाकडं जाताना चढाच्या टोकाला पलीकडचा रस्ता दिसतच नाही ना, तसं. चढावर गाडी लवकर थांबते म्हणून ड्रायव्हर ब्रेक उशिरा मारू शकतो, पण वळणाचं टोक दिसत नाही म्हणून अंदाजानं मारावा लागतो. शिवाय तिथं ट्रॅक मुद्दाम रुंद केलाय म्हणजे दोन-तीन लाइन घेता येतात, चूक करायला वाव राहतो. तिसरं वळण हळू, त्यामुळे मागची गाडी पुढच्याला चिकटते, आणि लगेच एक किलोमीटरहून लांब स्ट्रेट, पुढच्या गाडीमागच्या हवेच्या ओढीत राहायचं आणि चौथ्या वळणाला आतनं घुसायचं. हे नीट समजलं की टिल्केचे बाकीचे ट्रॅक पण वाचता येतात.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे दहा-अकरा, लांब उजवं वळण, बाहेरची बाजू उचललेली, संपतच नाही. फेलिपे मासानं त्या वर्षी क्वालिफायिंगला पण आणि रेसला पण कर्बवर, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंच पट्टीवर, चाक आपटून सस्पेन्शन मोडलं, म्हणजे जगातल्या उत्तम ड्रायव्हरला पण हा ट्रॅक माफ करत नव्हता.

एकच खंत. आपल्या खासबागेत कुठंही बसा, कुस्ती दिसते, शाहू महाराजांनी मैदान तसं खोलगट बांधून घेतलं. सर्किटवर एका कोपऱ्यात बसलं की तेवढंच दिसतं, म्हणून पोराला नेणार असाल तर चौथ्या वळणाची जागा बघा.

२०११, १२, १३ तीनही रेसा सेबास्टियन व्हेटेलनं जिंकल्या आणि मग बंद. उत्तर प्रदेश सरकारनं याला खेळ न मानता मनोरंजन मानून कर लावला, त्यावरनं वाद वाढत गेला. २०२३ ला मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलची मोठी रेस, झाली तिथं. एवढा चांगला ट्रॅक वर्षातले बरेच दिवस नुसता पडून राहतो याचं मनापासून वाईट वाटतं.

शिरोली_कास्टिंग
सगळ्यांचे आभार, रात्री पोराला शेजारी बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. ब्रेकचं वाचल्यावर तो गप्प झाला आणि म्हणाला बाबा मी अगदी असंच करतो. ताई, एक विचारायचं होतं, कारीवर रेसच्या आधी पायी ट्रॅक फिरू देतात का, आणि बापाला बरोबर जाता येतं का?

पंचगंगाकाठची
ड्रायव्हरला टीमबरोबर ट्रॅक वॉक मिळतो दादा, तुमचं टीमला आधी विचारून ठेवा. संध्याकाळी मिळाला तर सोडू नका, ऊन तिरकं असतं तेव्हा टायरच्या रेघा आणि डांबरातले खळगे स्वच्छ दिसतात. वही बरोबर द्या त्याच्याकडे.

शाहूपुरी_मेस्त्री
आणि प्रत्येक वळणावर त्याला खाली वाकून बघायला सांगा, ड्रायव्हरचे डोळे गाडीत बसल्यावर आपल्या कमरेच्या खाली असतात. उभं राहून जे दिसतं ते त्याला गाडीत दिसणार नाही. निघायच्या आधी शाहूपुरीत या एकदा, शोलावरमचे फोटो ठेवलेत, पोराला दाखवतो.