वा. वि. मिराशी : संस्कृतचे प्राध्यापक इतिहासाकडे कसे वळले?

प्रश्नकर्ता : संस्कृत घेऊन एम.ए. करताना महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांची ओळख कालिदास आणि भवभूती यांचे अभ्यासक म्हणून झाली होती. आता वाकाटक या विदर्भातील प्राचीन राजघराण्याविषयी काहीही वाचायला घेतले, तरी तळटीपांत तेच नाव भेटते. आयुष्यभर मुख्यतः नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवलेल्या या गृहस्थांनी कोरीव लेखांच्या अखिल भारतीय ग्रंथमालेचे कलचुरी (१९५५), वाकाटक (१९६३) आणि शिलाहार (१९७७) या राजवंशांचे तीन खंड संपादित केले. काव्य शिकवणारा माणूस या वाटेला कसा लागला असेल?

उत्तर १ : मला तरी त्यांनी वाट बदललेली दिसत नाही. ताम्रपट आणि प्रशस्ती (राजांची स्तुती करणारे कोरीव लेख) या मुळात संस्कृत-प्राकृत संहिताच आहेत, आणि झिजलेल्या ओळीत कोणते अक्षर बसते व कोणते बसत नाही हे व्याकरण आणि वृत्त पक्के असणाऱ्यालाच लवकर कळते. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील पद्यबद्ध लेखाचेच पाहा. जर्मन संस्कृतज्ञ ब्यूलर यांनी तो एकोणिसाव्या शतकात वाचला, तेव्हा पुसट झालेल्या जागी त्यांना रुद्रसेन आणि पृथिवीषेण ही वाकाटकांच्या मुख्य शाखेतील राजांची नावे दिसली होती. पुढे १९३९ मध्ये वाशीमचा ताम्रपट उजेडात आला. त्यात वाकाटक राजा प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन आणि नातू विंध्यशक्ती अशी वेगळीच वंशावळ निघाली. ती हाती धरून मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि त्याच जागी 'सर्वसेन' व 'विंध्यसेन' असे वाचन सिद्ध केले. अजिंठ्याच्या लेखातला राजा हरिषेण वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथील स्वतंत्र शाखेचा होता, हे त्यामुळे स्पष्ट झाले. गंमत अशी की, सर्वसेन हे नाव अलंकारशास्त्राच्या वाचकांना 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कर्ता म्हणून आधीच माहीत होते. त्या कवीला आता गाव आणि गादी मिळाली.

उत्तर २ : वरील प्रतिसाद मान्य आहे, पण काव्याच्या ओढीची दुसरी बाजूही आहे. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी पर्वत म्हणजे नागपूरजवळचे रामटेकच, हे मत मिराशींनी मोठ्या आग्रहाने मांडले. वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या ऋद्धपूर ताम्रपटात 'रामगिरिस्वामिनः पादमूलात्' (रामगिरीस्वामीच्या चरणांपासून) असे शब्द येतात आणि कालिदासाचा पर्वतही 'रघुपतिपदैः', म्हणजे रामाच्या पावलांनी, अंकित आहे. हा दुवा विलक्षण आहे, यात शंका नाही. तथापि, ताम्रपटामुळे रामगिरीस्वामीचे देवस्थान सिद्ध होते, कालिदास तेथे राहिला होता हे सिद्ध होत नाही. रामगिरी छत्तीसगडमधील सरगुज्यात शोधणारे अभ्यासकही आहेत. माझा कौल रामटेकलाच आहे, पण अजिंठ्याच्या वाचनाइतक्या खात्रीने मी तो देणार नाही.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. वाकाटकांचा खंड इंग्रजीत आहे आणि ग्रंथालयाबाहेर नेऊ देत नाहीत. मराठीतून सुरुवात करता येईल का?

उत्तर १ : अवश्य. 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हे त्यांचेच मराठी पुस्तक १९५७ चे, म्हणजे त्या खंडाच्याही आधीचे आहे. ते घरी वाचा आणि वाशीम व अजिंठा या दोन लेखांचे ठसे (मूळ अक्षरांच्या छापील प्रतिमा) मात्र ग्रंथालयात बसून पाहा. शिलाहारांचा खंड नंतर घेतला तरी चालेल, पण कोकणातल्या कुवळे गावी १८९३ साली जन्मलेल्या या संपादकाने कोकणच्या राजांचे लेख चौऱ्याऐंशीव्या वर्षी प्रसिद्ध केले, एवढे तो उघडताना ध्यानात असू द्या.