लाल फुली दिसली की लगेच ड्राइव्ह पुन्हा मॅप करू नका

निपाणीच्या ऑफिसात रोज सकाळी ‘झेड’ ड्राइव्हवर, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरला जोडलेल्या ड्राइव्हवर, लाल फुली येते आणि तो काढून पुन्हा जोडावा (मॅप करावा) लागतो, असं तुम्ही लिहिलंय. आधी फुलीवर डबल क्लिक करून बघा. ड्राइव्ह उघडला तर नेटवर्क तयार व्हायच्या आधीच विंडोजमध्ये लॉगिन झालंय, एवढंच. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायच्या जागी) लॉगिनआधी नेटवर्कची वाट पाहायचं सेटिंग चालू करा.

उघडलाच नाही तर कमांड प्रॉम्प्टमधून (कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीतून) ‘नेट यूज’ या कमांडनं जोडून बघा आणि एररचा नंबर नीट वाचा. ८६ म्हणजे पासवर्ड चुकतोय. जुना पासवर्ड बहुतेक क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं तिथं) अडकलेला असतो. ५३ म्हणजे सर्व्हरपर्यंत वाटच सापडत नाही.

आमच्या खानापुरातल्या पतसंस्थेत ५३ यायचा. पावसाळ्यात लाईट जाऊन आली की राउटर सर्व्हरच्या पीसीला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्यायचा. मॅपिंग १९२.१६८.१.१० वर, सर्व्हर जाऊन बसलेला १४ वर! काउंटरपुढं म्हाताऱ्या आज्ज्या पासबुक धरून ताटकळायच्या, बघवत नव्हतं. शेवटी राउटरमध्ये त्या पीसीचा आयपी कायमचा राखून ठेवला, राउटर आणि नेटवर्कचा स्विच यूपीएसवर घेतले. तेव्हापासून तक्रार नाही.

तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना एकांनी एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करायला सांगितलंय, ते मात्र कृपा करून करू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्यातल्याच त्रुटीतून पसरला होता. सर्व्हरचा आयपी आज किती आणि काल किती होता, तेवढं बघून कळवा.