अनुभव धागा: तुमच्या गावातले रस्त्यावरचे जुने दिवे

मागच्या आठवड्यात दक्षिण मुंबईतल्या एका गल्लीत बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा जुना दिव्याचा खांब दिसला, वर आता एलईडी आहे पण दिव्याच्या खाली एक आडवी दांडी तशीच. वीस वर्षं त्या रस्त्यानं जातोय, ती दांडी कशाला ते कधी मनातही आलं नाही. दिवाबत्तीवाला शिडी टेकवायचा तिला! मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे आले १८६५ मध्ये, म्हणजे तेव्हा रोज संध्याकाळी कुणीतरी खांद्यावर शिडी घेऊन खांबाखांबाला थांबत जायचा. तेव्हापासून जाईन तिथे वर बघत चालतोय. तुम्ही काय काय बघितलंय, वाचवलंय, गमावलंय ते सगळं लिहा, लांबलं तरी चालेल.

---

आमच्याकडे गॅस नव्हता, रॉकेलचे कंदील होते नगरपालिकेचे. आजी सांगायची, दिवस मावळायच्या आत माणूस यायचा, काच काढून कालची काजळी फडक्यानं पुसायचा, वात कातरायचा, तेल मोजून घालायचा, आणि चांदणं असेल त्या रात्री दिवा लावायचाच नाही, तेवढंच तेल वाचायचं. त्यातला एकही कंदील आज गावात नाही, याचं फार वाईट वाटतं.

---

मुंबईत धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळचा फिट्झगेराल्ड दिवा बघितलाय का कुणी? दिवा आणि कारंजं एकत्र, १८६७ चा. १९६० च्या दशकात तो काढला होता, मग कित्येक वर्षं भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात होता. आता दुरुस्त करून परत धोबीतलावला उभा केलाय. मी मुलीला मुद्दाम घेऊन गेले बघायला. वस्तू वाचली हे चांगलंच, पण आपल्या जागी परत आली याचं मला जास्त अप्रूप आहे.

---

लंडनला राहतो. इथे अजून साधारण १५०० गॅसचे दिवे रस्त्यावर जळतात. आत जाळीचं मेंटल असतं, आपल्याकडे लग्नात गॅसबत्ती डोक्यावर घेऊन माणसं चालायची ना, तिच्यात असायचं अगदी तसंच, हात लागला की भुगा. उजेड पिवळसर, मऊ, डोळ्यांवर येत नाही. २०२१ मध्ये वेस्टमिन्स्टरमधले बरेच दिवे बदलून एलईडी लावायचं घाटत होतं, लोकांनी खूप आवाज उठवला आणि त्यातले पुष्कळ वाचले. जुनं आहे म्हणून आपोआप काही टिकत नाही, कुणीतरी भांडावं लागतं.

---

मी फाउंड्रीत काम केलंय म्हणून थोडं सांगतो. बीड कडक पण ठिसूळ, टेम्पोचा धक्का बसला तर वाकत नाही, सरळ तडकतो, आणि त्याला साध्या लोखंडासारखं वेल्डिंग करता येत नाही, करायला गेलात तर शेजारी नवीन तडा जातो. दुसरं म्हणजे रंग. जुना न खरवडताच रंगावर रंग चढवतात दरवर्षी, मग नक्षी बुजते, ओतलेली अक्षरं बुजतात. एका खांबाचा रंग आम्ही रिमूव्हर लावून हळूहळू काढला तर बोटभर उंचीची अक्षरं वर आली, वर्ष आणि कारखान्याचं नाव, आसपासच्या कुणालाच माहीत नव्हतं. आणि कृपा करून बुंध्याला काँक्रीट भरू नका, पाणी आत अडतं आणि खांब मुळातून गंजतो.

---

आमच्या गावात रस्ता रुंद करताना चार खांब कापून भंगारात घातले. पाचवा गोदामात आडवा पडला होता, आम्ही सहाजणांनी अर्जामागून अर्ज केले, दीड वर्ष गेलं, शेवटी तो वाचनालयासमोर लावायची परवानगी मिळाली. आत गरम पिवळा बल्ब बसवलाय, पांढरा मुद्दाम नाही. वायर खांबाच्या पोटातून नेलीये, बाहेरून पट्ट्या मारू दिल्या नाहीत. संध्याकाळी सातला लागतो. पहिल्या दिवशी शेजारचे आजोबा घरातून खुर्ची घेऊन येऊन खाली बसले होते. आता पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून त्या आडव्या दांडीला लोंबकळतात, आणि अजून तरी ती जरासुद्धा हललेली नाही.