प्रतिसाद: शेपटी मारून गेला म्हणजे जगला असं नाही

भाऊ, तुम्ही लिहिलंय की हतनूर धरणावर गळाला लागलेला रोहू सोडला तर झटक्यात खोल पाण्यात गेला, म्हणजे जगलाच. तसं नसतं हो. बरेच मासे तासाभराने नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतात, आणि ते आपल्याला दिसतच नाहीत. खरं बघायचं तर सोडायचे मासे हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, दोन-तीन दिवस ठेवून मोजावे लागतात, आणि सोबत गळ न लागलेले तसेच मासेही त्याच पाण्यात ठेवायचे, नाहीतर मेलेला मासा गळाने मेला की हाप्यातल्या कोंडण्याने हे कळणार कसं? ही दुसरी बाजू लोक हमखास विसरतात. जागेवर अंदाज घ्यायचा तर मासा पाण्यातच उलटा करून बघा, लगेच सरळ होतो का, शेपटी धरली की झटका देतो का. गळ घशात किंवा कल्ल्यात रुतला असेल तर ओढू नका, दोरी जवळून कापा. आणि आपल्याकडचा मे महिना! २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच, त्यात फोटोसाठी बाहेर धरून ठेवलं तर त्याचे हालच. माझं स्पष्ट मत, उन्हाळ्यात दुपारी गळ टाकूच नये.